न्यू जर्सीत पोलिसांनी गाडी अडवली तर : राज्याने दिलेले हक्क, कागद आणि मुदती

कलम_सात (धागाकर्ता)

पोलिसांच्या झडतीचा विषय निघाला की “वॉशिंग्टनच्या सुप्रीम कोर्टाने हक्क काढून घेतला, आता काय उरलंय” असा सूर हमखास लागतो. भारतातून आलेल्या माणसाला तसं वाटणं साहजिक आहे. आपल्याकडे घटना एकच. राज्याची वेगळी घटना म्हणजे जम्मू-काश्मीर, तीही २०१९ पर्यंत. अमेरिकेत पन्नासच्या पन्नास राज्यांना आपापली घटना आहे आणि तिचा अर्थ लावण्यात शेवटचा शब्द त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचा. राज्याच्या न्यायालयाने “हा निकाल आम्ही आमच्या घटनेवर देतोय” असं स्पष्ट लिहिलं की वॉशिंग्टन त्यात हात घालत नाही. १९८३ च्या मिशिगन विरुद्ध लाँग खटल्यात फेडरल (म्हणजे केंद्राच्या) सुप्रीम कोर्टानेच हे ठरवून दिलं. फेडरल हक्क म्हणजे जोतं. राज्याला त्यावर मजले चढवता येतात, जोतं उकरता येत नाही.

न्यू जर्सीने मजले बरेच चढवलेत आणि त्यातले बहुतेक राज्यघटनेच्या पहिल्या प्रकरणातल्या, झडतीपासून संरक्षण देणाऱ्या सातव्या परिच्छेदावर उभे आहेत (म्हणून हा आयडी).

पहिला, संमतीची झडती. “डिकी बघू का?” असं पोलिसाने विचारलं आणि तुम्ही मान डोलावली तर फेडरल कायद्याने ती संमती झाली. नाही म्हणता येतं हे तुम्हाला ठाऊक होतं का, हे १९७३ पासून तिथे निर्णायक नाही. न्यू जर्सीत १९७५ च्या जॉन्सन खटल्यापासून नकार देता येतो हे त्या माणसाला माहीत होतं, हे सरकारने सिद्ध करावं लागतं. २००२ च्या कार्टी निकालाने त्यावर आणखी एक वीट ठेवली : रस्त्यात अडवलेल्या गाडीची झडती पोलिसाने नुसती *मागायची* असली तरी त्याच्याकडे शब्दांत मांडता येईल असा सयुक्तिक संशय आधी हवा. तो नसेल तर तुम्ही आनंदाने हो म्हणालात तरी सापडलेला माल पुरावा म्हणून बाद.

दुसरा, गाडीतले इतर लोक. फेडरल कायद्यात पोलीस प्रवाशालाही सरसकट बाहेर उतरायला सांगू शकतो. न्यू जर्सीत चालकाला सांगू शकतो, प्रवाशाला सांगायचं तर जास्त सावधगिरीची गरज भासावी असं काहीतरी ठोस दिसलेलं हवं (स्मिथ, १९९४).

तिसरा, “चुकून झालं, पण हेतू चांगला होता” हा बचाव. वॉरंटच सदोष निघालं तरी पोलिसाने विश्वासाने वागून मिळवलेला पुरावा फेडरल न्यायालय १९८४ पासून चालवून घेतं. न्यू जर्सीने १९८७ च्या नोव्हेम्ब्रिनोमध्ये हे साफ नाकारलं.

शिवाय फुटपाथवर ठेवलेली कचऱ्याची पिशवी (हेम्पेल, १९९०) आणि मोबाइलवरून काढलेला ठावठिकाणा (अर्ल्स, २०१३) यांनाही इथे वॉरंट लागतं. ठावठिकाण्याबद्दल फेडरल सुप्रीम कोर्ट पाच वर्षांनी त्याच दिशेला आलं. कचरा तिथे अजून उघडाच आहे.

आता रस्त्यावर हे कसं वापरायचं. लायसन्स, रजिस्ट्रेशन, इन्शुरन्स ही तीन कागदपत्रं चालकाने दाखवायचीच. हात स्टिअरिंगवर. झडती मागितली तर एकच वाक्य, इंग्रजीतच, आवाज न चढवता : “ऑफिसर, आय डू नॉट कन्सेंट टू अ सर्च.” कारण द्यायचं नाही. कारण दिलं की त्यावर प्रतिप्रश्न येतो. आधी हो म्हणून बसला असाल तरी संमती मध्येच मागे घेता येते, फक्त तेही तोंडाने, कॅमेऱ्याला ऐकू जाईल असं म्हणायचं. मान हलवणं, खांदे उडवणं, “तुम्ही म्हणाल तसं” वगैरे आपलं सभ्य पुटपुटणं टाळा. अहवालात त्याचा अर्थ पोलीस लावतो.

लोक हमखास दोन ठिकाणी चुकतात. एक, झडतीला नकार आणि श्वासचाचणीला नकार यांची गल्लत. दारूच्या संशयाने अटक झाल्यावर श्वासचाचणी नाकारणं हा न्यू जर्सीत स्वतंत्र गुन्हा आहे, लायसन्सवर बेतते. दोन, “मला बेकायदा अडवलंय” म्हणून निघून जाणं. २००६ च्या क्रॉली निकालानुसार अडवणूक घटनाबाह्य असली तरी थांबायचं, वाद नंतर न्यायालयात घालायचा. पळ काढला तर तोच नवा गुन्हा.

एडिसनकर

धागा आवडला. वाचनखूण साठवली. एक भर : गांजाचा वास. २२ फेब्रुवारी २०२१ पासून नुसत्या वासावरून सयुक्तिक संशय धरता येत नाही, कायद्यातच तसं लिहिलंय. त्याआधी “वास आला” हे झडतीचं सर्वांत सोपं निमित्त होतं. नशेत गाडी चालवण्याचा संशय हा मात्र वेगळा भाग, तिथे वासाची नोंद अजून चालते.

आणि वॉरंटशिवायच्या झडतीला एकदम ‘बेकायदा’ म्हणू नका. २०१५ च्या विट निकालाने मुभा दिलीय : गुन्ह्याचा पुरावा गाडीत असल्याचं सबळ कारण जागेवरच, अनपेक्षितपणे समोर आलं तर रस्त्यातच झडती घेता येते. आधीपासून पाळत ठेवून मग गाडी अडवली तर ‘अनपेक्षित’ कसलं, हे २०२३ च्या स्मार्ट निकालात सांगितलं. गाडी उचलून ठाण्याच्या आवारात नेली की पुन्हा वॉरंट लागतं. तेव्हा गाडी *कुठे* उघडली आणि *किती वाजता*, हे टिपून ठेवणं फार महत्त्वाचं.

पुणेरी_पाटी

सगळं ठीक. पण ‘राज्यांचे हक्क’ हा शब्दप्रयोग ऐकला की मला जिम क्रो, म्हणजे दक्षिणेतल्या राज्यांचे वर्णभेदाचे कायदे, आठवतात. राज्यांनी आपापल्या मजल्यावर कुणाला राहू दिलं आणि कुणाला नाही, याचा इतिहास आहे. न्यू जर्सी काही साधू नव्हे. १७७६ च्या घटनेत पन्नास पौंडांची मालमत्ता असलेला कुणीही रहिवासी मत देऊ शकत होता, बायका आणि कृष्णवर्णीयसुद्धा. १८०७ मध्ये कायदा करून दोघांचीही मतं काढून घेतली. १८४४ च्या घटनेत तर ‘गोरा पुरुष नागरिक’ असं छापूनच टाकलं. गुलामगिरी संपवणारी तेरावी दुरुस्ती या राज्याने १८६५ मध्ये आधी फेटाळली, मान्यता दिली ती जानेवारी १८६६ मध्ये, देशभर लागू झाल्यावर. आणि आपल्या लोकांबद्दल म्हणाल तर कॅलिफोर्नियाचा १९१३ चा परकीय जमीन कायदा बघा. १९२३ च्या थिंड निकालाने भारतीय ‘गोरे’ नाहीत, म्हणून नागरिक होऊ शकत नाहीत असं ठरलं आणि तिथल्या पंजाबी शेतकऱ्यांवर त्याच राज्य कायद्याचा बडगा आला.

कलम_सात

मान्य, म्हणून तर जोत्याची उपमा दिली. राज्याने खाली जायचं नाही यासाठी फेडरल घटनेची चौदावी दुरुस्ती आणि १९६४-६५ चे नागरी व मतदान हक्कांचे कायदे आहेत. राज्याने वर जावं यासाठी मात्र वॉशिंग्टन काही करत नाही, ते राज्याच्या राजधानीत, ट्रेंटनमध्येच करून घ्यावं लागतं. १९४७ ची न्यू जर्सीची घटना बघा : पहिल्या प्रकरणाचा पाचवा परिच्छेद शाळांत आणि मिलिशियात वंश, वर्ण, वंशावळ वगैरेंवरून विभाजन करायला स्पष्ट मनाई करतो. शाळांतलं वंशावरून विभाजन घटनाबाह्य ठरवणाऱ्या फेडरल सुप्रीम कोर्टाच्या ब्राउन निकालाच्या सात वर्षं आधी.

थिंडवरून आठवलं : त्या काळात थिंडसह अनेकांचे खटले लढवणारे वकील सखाराम गणेश पंडित. निकालानंतर सरकारने त्यांचंही नागरिकत्व रद्द करायला दावा लावला. १९२६ मध्ये नवव्या सर्किटच्या फेडरल अपील न्यायालयात ते स्वतःचा खटला जिंकले. असो, विषयांतर.

मोगरा

प्रश्न बाळबोध असेल, पण या सगळ्यात *वंश* नेमका कुठे आला? झडतीचे नियम तर सगळ्यांना सारखेच.

आकडेमोड

बाळबोध अजिबात नाही, हाच गाभा आहे. कार्टी निकाल आकाशातून पडला नाही, तो टर्नपाइक या राज्याच्या टोल महामार्गावरच्या मोजणीतून आला. ती मोजणी कशी केली ते नीट बघण्यासारखं आहे, कारण ‘आमच्याच लोकांना जास्त अडवतात’ हे सिद्ध कसं करायचं याचा तो वस्तुपाठ आहे.

खटला स्टेट विरुद्ध सोटो, ग्लॉस्टर काउंटी, निकाल १९९६. टर्नपाइकच्या दक्षिण टोकाला अडवलेल्यांत कृष्णवर्णीय फार, असा सरकारी बचाव वकिलांचा दावा. पण ‘फार’ म्हणजे कशाच्या तुलनेत? राज्याची लोकसंख्या धरून चालत नाही, टर्नपाइकवर बाहेरच्या राज्यांतल्या गाड्या पुष्कळ. लायसन्सधारक धरूनही चालत नाही, कारण कोण किती आणि कुठे गाडी चालवतो ते वेगळं. म्हणून जून १९९३ मध्ये यादृच्छिक निवडलेल्या २१ सत्रांत रस्त्याकडेला बसून गाड्या मोजल्या : कृष्णवर्णीय चालक किंवा प्रवासी असलेल्या गाड्या १३.५ टक्के.

यावर सरकारचा अपेक्षित आक्षेप, “पण वेगाने कोण जातं?” त्यासाठी दुसरी मोजणी. मर्यादा ताशी ५५ मैल. एका वकिलाने क्रूझ कंट्रोल ६० वर लावलं आणि टर्नपाइकवर फेऱ्या मारल्या. त्याला मागे टाकून गेलेली प्रत्येक गाडी मर्यादा मोडणारी, त्याने मागे टाकलेली न मोडणारी. ९८ टक्क्यांहून अधिक गाड्या त्याच्या पुढे गेल्या! म्हणजे पोलीस वाटेल त्या गाडीला कायदेशीररीत्या अडवू शकत होता, निवड पूर्णपणे त्याच्या हातात. आणि नियम मोडणाऱ्यांत कृष्णवर्णीय असलेल्या गाड्या १५ टक्के. एक्झिट १ ते ३ दरम्यान अडवलेल्यांत मात्र ४६.२ टक्के.

सर्वांत बोलका भाग पुढे. पथकानुसार तिकिटं वेगळी केली. रडार पथकात यंत्र आकडा दाखवतं, समोर कोण आहे ते बघायला वाव कमी. तिथे कृष्णवर्णीयांचा वाटा १८ टक्के. थोडी मोकळीक असलेल्या टॅक्टिकल पथकात २३.८. पूर्ण मोकळीक असलेल्या गस्ती पथकात ३४.२. मोकळीक वाढत गेली तसा आकडा वाढत गेला. न्यायाधीशांनी १७ आरोपींच्या बाबतीत पुरावा बाद केला.

एप्रिल १९९८ मध्ये टर्नपाइकवर दोन ट्रूपरांनी (स्टेट पोलिसांनी) चार तरुणांच्या व्हॅनवर ११ गोळ्या झाडल्या, तिघे जखमी. वर्षभराने अ‍ॅटर्नी जनरलच्या अहवालात वंशाधारित अडवणूक खरोखर होते अशी कबुली आली आणि सोटोवरचं अपील मागे घेतलं. डिसेंबर १९९९ मध्ये फेडरल न्याय खात्याशी कन्सेंट डिक्री (न्यायालयाच्या देखरेखीखालचा समझोता) झाली, ती २००९ पर्यंत चालली. त्याच वर्षी राज्याने देखरेखीचं कार्यालय कायद्याने अ‍ॅटर्नी जनरलकडे कायम केलं.

पुणेरी_पाटी

आणि २००९ नंतर सगळे सुतासारखे सरळ?

आकडेमोड

नाही ना. २०२३ मध्ये अ‍ॅटर्नी जनरलच्या कार्यालयाने स्टेट पोलिसांच्या २००९ ते २०२१ मधल्या साठ लाखांहून अधिक अडवणुकींचं विश्लेषण प्रसिद्ध केलं, फरक कायम होता. तिथली पद्धत सोटोपेक्षा स्वस्त आणि हुशार आहे. रस्त्यावर बसून मोजायचं नाही, अंधाराचा उपयोग करायचा. संध्याकाळी साडेसहाला जूनमध्ये लख्ख उजेड, डिसेंबरात काळोख. घड्याळ तेच, रहदारी साधारण तीच, फक्त चालकाचा चेहरा दिसणं-न दिसणं बदललं. उजेडात कृष्णवर्णीयांचा वाटा अंधारापेक्षा जास्त निघाला तर प्रश्न उभा राहतो. घोटाळा दोन ठिकाणी होतो : दिवे असलेल्या रस्त्यावर ‘अंधार’ हा अंधार नसतो, आणि वंशाचा रकाना पोलीस स्वतः भरतो. सोटोच्या वेळी रेडिओ लॉगच्या कित्येक नोंदींत तो रकाना रिकामाच होता.

मोगरा, झडतीचा नियम आणि वंश यांची थेट गाठ हवी असेल तर जानेवारी २०२२ चा नायमा निकाल. दुकान लुटल्याची खबर, वर्णन एवढंच की संशयित कृष्णवर्णीय पुरुष. तेवढ्यावर गाडी अडवली. न्यू जर्सी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की वंश आणि लिंग एवढंच वर्णन असेल तर तो सयुक्तिक संशय नव्हे, त्यात हजारो निरपराध माणसं बसतात.

ओप्रावाली

आता घरी आल्यानंतरचं. खरी लढाई रस्त्यावर नसतेच, ती कागदावर असते आणि लोक ती मुदतीत हरतात.

पहिल्या रात्री लिहून काढा : वेळ, रस्ता, दिशा, जवळचा एक्झिट किंवा दुकान, पोलिसाचा बॅज क्रमांक, गाडीवर कोणत्या खात्याचं नाव होतं (स्टेट, टाउनशिप की काउंटी, हे चुकलं की पुढचं सगळं चुकतं), नेमके उच्चारलेले शब्द. ‘साधारण असं म्हणाला’ हे वेगळं लिहा, अवतरणात घालू नका.

मग बॉडी कॅमेरा. १ जून २०२१ पासून गस्तीवरच्या पोलिसांना सक्तीचा आहे. चित्रण किमान १८० दिवस ठेवावं लागतं. तुम्ही त्या चित्रणात असाल आणि राखून ठेवायची विनंती केलीत, किंवा त्या प्रसंगाबद्दल तक्रार नोंदवलीत, तर ३ वर्षं. त्यामुळे पहिलं पत्र ‘द्या’ असं नसून ‘ठेवा’ असं हवं. दोन्ही विनंत्या एकाच अर्जात कोंबल्या की ‘द्या’ नाकारताना ‘ठेवा’ हरवून जातं. वेगळी पत्रं, वेगळे ईमेल, पोच जपून.

‘द्या’चा अर्ज ओप्राखाली, म्हणजे ओपन पब्लिक रेकॉर्ड्स कायद्याखाली. आपल्या माहिती अधिकाराचा भाऊच, फक्त चपळ : तिथे १० रुपये आणि ३० दिवस, इथे ७ कामकाजाचे दिवस. ईमेलवर फुकट, कागदी प्रतीला साध्या पानाला ५ सेंट, लीगल आकाराच्या पानाला ७. अर्ज फेटाळला जाण्याचं सर्वांत मोठं कारण म्हणजे “या प्रसंगाची सर्व कागदपत्रं द्या” हे वाक्य. कायद्याने ओळखता येईल असं *दस्तऐवज* मागायचं असतं. माहिती शोधून, जुळवून देणं त्यांच्यावर बंधनकारक नाही (२००५ चा मॅग निकाल). म्हणून असं लिहा :

“अमुक तारखेला रात्री ९:०० ते १०:१५, रूट २७ वर अमुक चौकाजवळ, अमुक क्रमांकाच्या गाडीच्या अडवणुकीचे : १) सर्व अधिकाऱ्यांचे बॉडी कॅमेरा चित्रण, मी त्यातील व्यक्ती आहे, २) गस्ती गाडीचे डॅशकॅम चित्रण, ३) कॉम्प्युटर डिस्पॅचची नोंद, ४) संमतीचा अर्ज भरून घेतला असल्यास त्याची प्रत, ५) बळ वापरले असल्यास त्याचा अहवाल.”

शेवटचा मुद्दा विसरू नका. बळवापराचे अहवाल द्यावे लागतात, हे २०१७ च्या लिंडहर्स्ट निकालाने पक्कं केलंय.

नकार आला किंवा ७ दिवस उलटून सामसूम, तर सुपीरियर कोर्टात जायला ४५ दिवस. सप्टेंबर २०२४ पासून इथे एक खड्डा पडलाय. आधी तुम्ही जिंकलात की वकिलाची फी खात्याने द्यायचीच. आता नकार अवाजवी, अप्रामाणिक किंवा जाणूनबुजून होता असं ठरलं तरच सक्ती, नाहीतर न्यायाधीशाची मर्जी. परिणाम उघड आहे, छोट्या प्रकरणाला वकील मिळणं जड झालं.

एडिसनकर

ओप्रावाली, दंडवत! अंतर्गत चौकशीची तक्रार यात कुठे बसते? लोक सांगतात की ती करून काही होत नाही.

ओप्रावाली

काही वेळा होतं, काही वेळा नाही, पण नोंद राहते. इंटर्नल अफेअर्सची तक्रार निनावी चालते, तुमच्या वतीने दुसऱ्याने केलेली चालते, ती कुणाकडूनही आणि कोणत्याही वेळी घेणं खात्यावर बंधनकारक आहे. “साहेब सोमवारी येतील” हे उत्तर चालत नाही. चौकशी मात्र तेच खातं करतं, त्यामुळे गंभीर प्रकरणात तक्रारीची प्रत काउंटी प्रॉसिक्यूटरकडेही (काउंटीच्या मुख्य सरकारी वकिलाकडे) द्या.

एक गोष्ट ठळक : तुमच्यावर त्याच प्रसंगातून गुन्हा दाखल असेल तर वकिलाशी बोलल्याशिवाय चौकशीत जबाब देऊ नका. तुमचं म्हणणं तुमच्याच खटल्यात तुमच्यावर उलटू शकतं. चित्रण राखायचं पत्र मात्र त्यासाठी थांबवू नका, त्यात प्रसंगाचं वर्णन करायची गरजच नसते.

सनदी_कागद

भरपाई मागायची असेल तर मुदतींचा गुंता सोडवून ठेवतो, कारण वकिलाकडे लोक येतात तेव्हा पहिली मुदत बहुधा गेलेली असते.

सरकारी माणसाच्या चुकीने इजा झाली म्हणून नेहमीचा दावा लावायचा तर टॉर्ट क्लेम्स कायदा. घटनेपासून ९० दिवसांत लेखी नोटीस, तीही योग्य संस्थेला. ट्रूपर असेल तर राज्य, गावचा पोलीस असेल तर टाउनशिप. टाउनशिपला जाणारी नोटीस काउंटीला धाडली तर ती न धाडल्यासारखीच. ९० उलटले तर वर्षाच्या आत न्यायाधीशाची परवानगी मागता येते, पण ‘असाधारण परिस्थिती’ दाखवावी लागते आणि ‘मला माहीत नव्हतं’ ही असाधारण परिस्थिती धरत नाहीत. नोटिशीनंतर सहा महिने थांबायचं, मग दावा, एकूण दोन वर्षांच्या आत. वेदनांची भरपाई हवी तर कायमस्वरूपी हानी आणि ३,६०० डॉलरवर वैद्यकीय खर्च हा उंबरठा आहे.

दोन तास रस्त्याकडेला उभं केलं, गाडी विस्कटली, अंगाला ओरखडाही नाही, अशी प्रकरणं म्हणूनच इथे टिकत नाहीत.

कलम_सात

सनदी_कागद, एक दुरुस्ती नव्हे, पुरवणी. अशा प्रकरणांसाठीच २००४ चा न्यू जर्सी नागरी हक्क कायदा आहे. राज्यघटनेतला हक्क डावलला म्हणून थेट दावा, दोन वर्षं मुदत, आणि ९० दिवसांची नोटीस त्याला लागत नाही (ओवेन्स विरुद्ध फायगिन, २००८). जिंकलात तर वकिलाची फी मिळू शकते. अडचण एकच, पण मोठी : हक्क ‘स्पष्ट प्रस्थापित’ नव्हता असं म्हणून पोलीस पात्र संरक्षणाआड लपू शकतो. म्हणून या धाग्यातली निकालांची नावं आणि वर्षं उगाच दिलेली नाहीत. कार्टी २००२ चा आहे, संशयाशिवाय झडती मागायची नाही हे ‘स्पष्ट नव्हतं’ म्हणायला आता जागा नाही.

मोगरा

पोलीस सोडून इतर ठिकाणी? घरमालक, कंपनी वगैरे. आणि जातीवरून भेदभाव झाला तर?

सनदी_कागद

लॉ अगेन्स्ट डिस्क्रिमिनेशन, १९४५ चा, म्हणजे फेडरल कायद्याच्या १९ वर्षं आधीचा. वंश, वर्ण, राष्ट्रीय मूळ, पूर्वजपरंपरा, धर्म, सगळं त्यात आहे. नोकरी, घर, दुकान-हॉटेल, सगळीकडे लागू. दोन दारं : राज्याच्या नागरी हक्क विभागाकडे १८० दिवसांत, किंवा सुपीरियर कोर्टात दोन वर्षांत. विभागाकडे वकिलाशिवाय जाता येतं, पण त्याचा अंतिम निर्णय लागला की कोर्टाचं दार बंद. मन बदलायचं तर त्याआधी अर्ज मागे घ्यायचा. नोकरीच्या करारात “दावा सहा महिन्यांतच लावेन” अशी अट घातली असली तर घाबरू नका, २०१६ मध्ये राज्य सर्वोच्च न्यायालयाने अशी अट या कायद्यापुरती मोडीत काढलीय.

जात हा शब्द न्यू जर्सीच्या कायद्यात नाही. दावा पूर्वजपरंपरा किंवा राष्ट्रीय मूळ याखाली मांडावा लागेल आणि न्यायालयाला ते पटवून द्यावं लागेल. फेब्रुवारी २०२३ मध्ये सिअ‍ॅटलने जात शब्द कायद्यात घातला, पण ते शहर. राज्य पातळीवर कॅलिफोर्नियाचं जातीवरचं विधेयक, एसबी ४०३, विधिमंडळात मंजूर झालं, गव्हर्नर न्यूसम यांनी ७ ऑक्टोबर २०२३ ला नकाराधिकार वापरला. कारण दिलं की सध्याच्या कायद्यात हे आधीच येतं. ते नकाराचं पत्र नीट वाचा, वकिलाच्या हातात ते उपयोगी पडू शकतं.

आपली इथली मंडळी या विषयावर कशी विभागली जातात ते सगळ्यांना माहीत आहे, तो दंगा इथे नको.

पुणेरी_पाटी

दंगा नको म्हणणं हाही एक पक्षच असतो, पण असो. ‘डॉटबस्टर्स’ टोळीबद्दल कुणी लिहिलंच नाही? १९८७ मध्ये जर्सी सिटीत कुंकू लावणाऱ्या बायकांना लक्ष्य करू अशी उघड धमकी वृत्तपत्राला पाठवलेल्या पत्रात दिली गेली. मारहाणी झाल्या, होबोकनमध्ये एका भारतीय तरुणाचा जीव गेला. त्यानंतर १९९० मध्ये राज्याने वांशिक दहशतीविरुद्ध कायदा केला.

कलम_सात

बरं झालं आणलंत. आजचा कायदा २००२ चा आहे आणि त्यातला एक तुकडा २०१५ मध्ये पोमियानेक खटल्यात पडला. पीडिताला ‘आपल्याला वंशावरून लक्ष्य केलं’ असं *वाटलं* एवढ्यावर आरोपीला दोषी धरायची सोय होती, ती घटनाबाह्य ठरली. आता आरोपीचा हेतू किंवा त्याला असलेली जाणीव दाखवावी लागते. म्हणून भिंतीवर काही लिहिलेलं दिसलं तर पुसण्याआधी फोटो काढा, शेजारी मोजपट्टी किंवा डॉलरची नोट ठेवून. शिवी असेल तर ती अहवालात अक्षरशः लिहायला लावा. “अपशब्द वापरले” असं गुळमुळीत लिहिलं की हेतू तिथेच हरवतो. आणि ‘बायस इन्सिडेंट’ (पूर्वग्रहातून घडलेली घटना) अशी नोंद झालीय का ते विचारून घ्या.

एडिसनकर

ज्युरीबद्दल थोडं. नागरिक झालेले बरेच जण समन्स आलं की सुटका कशी होईल ते शोधतात. न्यू जर्सीत २०२१ च्या आंदुहार निकालाने आणि सप्टेंबर २०२२ पासूनच्या नव्या नियमाने वंशावरून ज्युरर वगळणं अवघड केलंय. वकिलाच्या मनात पूर्वग्रह होता हे सिद्ध करायची गरज नाही, नकळत पूर्वग्रहही चालत नाही. पण मुळात विविध लोक हजरच नसतील तर नियम कुणासाठी?

ग्रीन कार्डवाल्यांनाही समन्स येतं, कारण नावं लायसन्सच्या आणि करदात्यांच्या यादीतूनही घेतात. ते फेकून देऊ नका. प्रश्नावलीत ‘नागरिक नाही’ हा पर्याय निवडून परत पाठवा. चुकून ‘नागरिक आहे’वर खूण झाली तर इमिग्रेशनमध्ये ते फार महागात पडतं.

आकडेमोड

राज्य पातळीवरचं आणखी एक, कुणाच्या लक्षात येत नाही : २०१८ पासून शिक्षेचे नियम बदलणाऱ्या विधेयकाबरोबर वंशनिहाय परिणामांचं निवेदन जोडायचा कायदा आहे. जामिनाच्या सुधारणेनंतर याची गरज कळते. २०१७ मध्ये रोख जामीन जवळजवळ संपला, खटल्याआधी तुरुंगात असलेल्यांची संख्या झपाट्याने घटली. कैद्यांतला कृष्णवर्णीयांचा वाटा मात्र निम्म्याहून अधिक होता तो तसाच राहिला. एकूण आकडा उतरला म्हणजे वाटा उतरतोच असं नाही. मार्च २०२० पासून प्रोबेशन आणि पॅरोलवरच्यांना मत देता येतं, ८० हजारांहून अधिक लोकांना फरक पडला, तोही ट्रेंटनच्या साध्या कायद्याने.

मोगरा

सगळ्यांचे आभार. शेवटची शंका : ७ दिवस, ४५ दिवस, ९० दिवस. यात शनिवार-रविवार धरायचे का?

ओप्रावाली

ओप्राचे ७ कामकाजाचे : शनिवार, रविवार, सरकारी सुट्ट्या वगळून, आणि अर्ज पोचल्याच्या दुसऱ्या दिवसापासून. ४५ आणि ९० कॅलेंडरचे, सगळे दिवस धरून. ८८ व्या दिवशी टपालात टाकायची वेळ येऊ देऊ नका. ६० व्या दिवशी रजिस्टर्ड किंवा सर्टिफाइड टपालाने पाठवा, पोचपावतीची हिरवी पाटी परत आली की तिचा फोटो काढून ठेवा.